देवघराच्या खिडकीपासून अडीच फूट

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

पक्षकारांना मी गेली पंचवीस वर्षं एकच सांगत आले आहे. भांडण सुरू झालं की त्याच दिवशी वही उघडा, तारीख टाका, वेळ टाका. कोर्टात रडणं चालत नाही, नोंद चालते. तर ही माझी वही. आज भांडण सुरू झालं.

शेजारच्या घरात जूनपासून भाडेकरू आहेत, संतोष आणि रूपा. तो गोकुळ रोडला एका कारखान्यात वेल्डिंग करतो, नवलगुंदकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आज सकाळी त्यानं तेलाचं एक पिंप उभं चिरून, त्याला चार पाय जोडून आणलं. वर जाळी, आत कोळसे. बार्बेक्यू म्हणे. आणि ठेवलं कुठं, तर कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून, बरोबर आमच्या देवघराच्या खिडकीखाली. टेप लावून मोजलं, अडीच फूट. अख्ख्या केशवापुरात या माणसाला दुसरी जागा मिळाली नाही.

संध्याकाळी सात वाजता कोंबडीचा धूर थेट देवघरात. अप्पा संध्या करत होते.

अप्पा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, घरात आजही पूजा सोवळ्यात. जुलैत आई गेली आणि तेव्हापासून त्यांनी ताटाशी वैर धरलंय. दोन घास खातात आणि हात धुतात. आज वजन ४५.८. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, चव्वेचाळीसच्या खाली गेलं की दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची. नळीचं नाव काढलं की अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपतात. आई गेली, ते मी काही करू शकले नाही. हे मी होऊ देणार नाही. आणि अशा माणसाच्या नाकाखाली हा कोंबडी भाजतोय.

धूर मला मुळीच सोसत नाही. आई शेवटपर्यंत सोवळ्याचा स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर करायची, अप्पा शेजारी बसून पंखा हलवायचे, सगळी भिंत काळी. तेरावं झाल्याबरोबर मी ती शेगडी भंगारवाल्याला दिली आणि आतून-बाहेरून पांढरा रंग काढून घेतला. तो रंग हा संतोष काळा करणार. बघतेच.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी गेटपाशी गाठलं त्याला.

"संतोष, ते पिंप उचल तिथनं."

"अक्का, मागं गाडी लावतोय, पुढं रूपाची तुळस हाय. तेवढीच जागा बघा. आणि रविवारीच की. अज्जारना विचारलं मी, ते इर्ली म्हणाले."

अज्जार म्हणजे आजोबा, आमचे अप्पा; इर्ली म्हणजे असू दे. अप्पा कुणालाही इर्ली म्हणतात. घरात चोर शिरला तरी म्हणतील.

अप्पांना विचारलं. "म्हणालो असेन," म्हणाले. मग जरा वेळानं, "कोळसा बाभळीचा दिसतोय त्याचा. चांगला पेटतो." एवढं लांब वाक्य ते महिन्याभरात बोलले नव्हते. धुरानं डोकं फिरलंय बिचाऱ्यांचं. संतोषच्या खात्यावर हेही लिहून ठेवते.

रविवार, १७ नोव्हेंबर

रविवारी तीन ते सहा मी विद्यानगरच्या ऑफिसात असते, म्हणून पहारा भागीरथीवर सोपवला. ती आमच्याकडे स्वयंपाकाला येते, अळणावरकडची आहे, घड्याळ बरोबर वाचते. घरी आल्यावर साक्ष घेतली.

"किती वाजता पेटवलं?"

"चारला."

"वास कसला?"

"वांग्याचा. रताळ्याचा पण."

"कोंबडीचा?"

"तो सातला येतोय अक्का. तुम्ही असता की तेव्हा."

साक्षीदार भरवशाचा नाही. कोंबडी आणि वांगं कळेना हिला. पण एक सिद्ध झालं, की हा मनुष्य मुद्दाम तीन तास आधीपासून धूर करतो. कोंबडीला तीन तास लागतात का? नुसता आम्हाला छळायचा उद्योग. चोर तो चोर वर शिरजोर.

एक बरी गोष्ट. अप्पांचं वजन ४६.३. मी आणलेली प्रोटीनची पावडर लागू पडली म्हणायची. डबासुद्धा बराच पुरतोय.

रविवार, १ डिसेंबर

४६.९.

आई गेल्यापासून अप्पा फारच कर्मठ झालेत. पूजेनंतर कपाळावर अंगाराची, म्हणजे कोळशाची, काळी उभी रेघ ओढायची आमच्या वैष्णवांची पद्धत, पण ती सकाळी. हे हल्ली रविवारी संध्याकाळीसुद्धा लावतात. आज ऑफिसातून आले तर दहाही बोटं काळी, आणि धोतराला सुद्धा डाग.

"अंगार लावलात का पुन्हा?"

"हं," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा अंघोळीला गेले.

हात थरथरतात आता. कपाळावर एक रेघ आणि बोटांवर दहा. मला भरून आलं. दुपारी भागीरथीकडून शेंगांची चटणी वाटीभर मागून घेतली होती म्हणे, आणि वाटी रिकामी. कोरडीच खाल्ली असेल. खाऊ देत.

संतोषनं फाटकातून "अक्का, नमस्कार" केला. मी गाडीची किल्ली शोधत राहिले.

रविवार, १५ डिसेंबर

आज ऑफिस लवकर बंद केलं. साडेचारला गुपचूप घरी आले. अप्पांच्या खोलीचं दार लोटलेलं, झोपले असणार. भिंतीपलीकडे धूर चालूच.

मी लोखंडी तवा तापवला, अंगणात भिंतीशी नेला आणि पसाभर मिरच्या टाकल्या त्याच्यावर. ब्याडगी रंगाला चांगली, जाळायला गुंटूरच पाहिजे. कुणी विचारलंच तर दृष्ट काढते आहे म्हणणार. स्वतःच्या अंगणात दृष्ट काढायला कायद्याची बंदी नाही.

वारा देवानं माझ्या बाजूनं ठेवला होता. पलीकडे संतोष खोकला, रूपा खोकली, आणि कुणीतरी एक म्हातारा माणूस तर असा खोकला की मलाच क्षणभर वाटलं पुरे. पण वाटून घेतलं नाही. पाहुणे बोलावता ना कोंबडी खायला, मग खोका. "पाणी आण, पाणी आण," संतोष ओरडत होता. मी तवा धुऊन जागेवर ठेवला आणि चहा केला. किती महिन्यांनी चहा इतका गोड लागला.

अप्पा अर्ध्या तासानं मागच्या दारानं आले, डोळे लालबुंद, घसा बसलेला. "फार धूर होता," एवढंच म्हणाले. त्या नतद्रष्टानं माझ्या बापाचे डोळे सुजवले. नोंद केली, वेळेसहित.

वजन ४७.४.

सोमवार, ३० डिसेंबर

एळ्ळ अमावास्या. शेतकऱ्यांचा सण, शेतात पूजा करायची आणि चहूबाजूंना नैवेद्य उधळायचा. शेजारची मंडळी काल गावी जाऊन आज दुपारी परतली. रूपा ताट घेऊन दारात, कडबू, बाजरीची भाकरी, भज्जी. "अज्जारना आवडतंय," म्हणाली.

"तुला काय ठाऊक काय आवडतं त्यांना?" मी म्हटलं आणि ताट तसंच परत दिलं. तोंड एवढंसं झालं तिचं. होऊ दे.

दार लावून वळले तर मागे अप्पा उभे. "हुरडा आणला का गं त्यांनी?" म्हणाले.

अप्पांचं लहानपण नवलगुंदच्या काळ्या रानात गेलं. कोवळी जोंधळ्याची कणसं आगटीत भाजून हातावर चोळून खायची, वर शेंगांची चटणी. हे लहानपणी शंभरदा ऐकलंय. आईच्या शेगडीवरसुद्धा भाजायचे दोघं. मी म्हटलं, बाजारात दिसला तर आणीन, गॅसवर भाजून देईन. "गॅसवर," म्हणाले, आणि आत गेले. आजकाल माझ्या प्रत्येक बोलण्यातला एखादाच शब्द उचलतात.

रविवार, १२ जानेवारी २०२५

आता पुराव्याची बाजू भक्कम. गच्चीच्या कठड्याला कॅमेरा बसवून घेतला, थेट पिंपावर रोखलेला. बसवणाऱ्यानं दाखवलं, फोनवरसुद्धा बघता येतं. मला काय बघायचंय त्यात, रोज नाकानं बघतेच आहे. तारीख आणि वेळ उमटली म्हणजे झालं.

आणि आज तर कमाल. आमच्या भिंतीवर, आमच्या पांढऱ्या रंगावर, एक खिळा ठोकलेला. त्याला एक छोटी जाळी लटकवलेली, मोठीहून वेगळी, घासून लखलखीत, कडेला पिवळा पट्टा ओढलेला. आता यांची भांडीसुद्धा आमच्या भिंतीवर. पक्कड घेऊन खिळा उपटला आणि जाळी त्यांच्या अंगणात भिरकावली. खणकन आवाज आला, बरं वाटलं.

अप्पा खिडकीत उभे होते. "खिळा कशाला काढलास?" म्हणाले. "आपली भिंत आहे अप्पा." "हो, आपलीच आहे," म्हणाले.

वजन ४९.१. डॉक्टर म्हणाले चमत्कार आहे, काय देता? मी पावडरचं नाव लिहून दिलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्यायची तक्रार तयार केली. चार पानं, दोन परिशिष्टं. रविवारचं चित्रण कॅमेरावाला पेनड्राइव्हवर उतरवून देईल, ते जोडून सोमवारी दाखल. अशी तक्रार त्या ऑफिसात जन्मात आली नसेल. अडचण एकच, घर अप्पांच्या नावावर, सही त्यांचीच पाहिजे. दोनदा कागद पुढे केला, दोनदा म्हणाले चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर होता.

शेवटी आज पेन्शनच्या हयातीच्या कागदांत मधे घालून सही घेतली. पक्षकारानं असं केलं असतं तर मी ऑफिसातून हाकलला असता. पण हे मी कुणासाठी करते आहे? माझ्यासाठी का? त्यांच्यासाठीच ना.

बाळाचार्य, तक्रारदार. अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

शुक्रवार, २४ जानेवारी

जिंकले.

सकाळी ऑफिसचा माणूस नोटीस देऊन गेला. मी वऱ्हांड्यातून बघत होते. संतोषनं कागद वाचला, उलटा केला, शेवटच्या पानाशी थांबला. मग भिंतीपाशी आला.

"अक्का, ही सही अज्जारंची?"

"त्यांचीच. अक्षर ओळखता येत नसेल तर कोर्टात ओळखवते."

तो भांडेल म्हणून मी चार मुद्दे तयार ठेवले होते. तो म्हणाला, "आयतु अक्का," म्हणजे ठीक आहे, आणि आत गेला. दुपारी टेम्पो आला. पिंप गेलं. जाताना रूपा डोळे पुसत होती. एवढं काय रडायचं एका पिंपासाठी, माणूस का गेलं होतं?

शिरा केला, भरपूर तूप घालून. अप्पांनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "भूक नाही."

रविवार, २ फेब्रुवारी

४७.०. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः चढून बघितलं. काटा बरोबर आहे.

देवघर स्वच्छ, हवा स्वच्छ, आणि अप्पा चार वाजल्यापासून खिडकीशी बसून पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. आज बोटं अगदी स्वच्छ होती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

४५.१. सहा दिवसांत पावणेदोन-दोन किलो. पावडर, कढी, मऊ भात, साबुदाणा, सगळं करून झालं. आज हाता-पाया पडले. "अप्पा, माझ्यासाठी चार घास खा."

"सही केली आहे मी," म्हणाले. "सही केल्यावर माणसानं शब्द पाळावा."

कसली सही, कसला शब्द, काही कळेना. भागीरथीकडे बघितलं तर ती भांडी जोरजोरात घासायला लागली. डॉक्टर म्हणाले, सोमवारनंतर दोन-तीन दिवसांत ठरवू. म्हणजे नळी.

मला भीती वाटते आहे. वहीत लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तक्रार बंद करायच्या कागदावर सही द्यायला विभाग कार्यालयात बोलावलं होतं. तिथल्या बाईंनी फाइल उघडली, पेनड्राइव्ह लावला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तक्रारदार कोण?"

"माझे वडील. बाळाचार्य. वय एक्क्याऐंशी. धुराचा अत्यंत त्रास."

"मग ह्या खुर्चीवर बसून खातंय ते कोण?" आणि पडदा माझ्याकडे वळवला.

रविवार, १९ जानेवारी, दुपारी चार वाजून सात मिनिटं. संतोषनं छोटी जाळी चिंच लावून घासली. मग नळाखाली पाय धुतले, हात धुतले, आणि ओला पंचा नेसून आला. तो, कोंबडी खाणारा, सोवळ्यात. सळीनं निखारे सारखे केले. माझा बाप आमच्या मागच्या दारातून बाहेर पडला, हातात चटणीची वाटी, आणि त्यांच्या अंगणात खुर्चीवर जाऊन बसला. खुर्ची आधीच मांडलेली होती. कमरेची गोपीचंदनाची कांडी काढून त्यानं जाळीच्या कडेला सोवळ्याचा पिवळा पट्टा ओढला. मग वांगं ठेवलं. मग कणसं. पंखा हातात घेऊन स्वतः वारा घालायला लागला, आई असताना घालायचा तसा. भाजलेलं वांगं दहा बोटांनी सोललं. पहिला घास पळसाच्या पानावर काढून आमच्या भिंतीवर ठेवला आणि डोळे मिटून बसला. मग खाल्लं. हुरडा चोळून चोळून खाल्ला, बोटं चाटून खाल्ला, आणि रूपा काहीतरी बोलली त्यावर खो खो हसला. जुलैपासून तो हसलेला मी बघितलेला नव्हता. आवाज नव्हता चित्रणात, पण मला ऐकू आलं.

पुरावा स्वतः बघितल्याशिवाय दाखल करू नये. वकिलीच्या पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं, आणि दर वर्षी मी ते दुसऱ्यांना शिकवते.

त्या मिरच्या. तो खोकणारा म्हातारा.

मी बाईंना म्हटलं, ते तक्रारदारच आहेत. त्यांनी पडदा बंद केला. पाण्याचा पेला पुढे सरकवला.

घरी आले. भागीरथीला विचारलं, तुला ठाऊक होतं? "होतं की अक्का. मी वांगं म्हणून सांगितलं, तुम्ही ऐकलं नाही."

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी वजन ४४.३.

काळा कोट घालूनच गोकुळ रोडला गेले. संतोष वेल्डिंग करत होता. मला बघून डोळ्यांवरचा मुखवटा वर केला आणि उभा राहिला, बसा म्हणाला नाही. मी माफी मागण्यात कच्ची आहे. उभ्या उभ्या सांगितलं, ती सही मी फसवून घेतली. पेन्शनच्या कागदांत घालून.

तो हातमोजे काढायला लागला. "मला वाटलं, अज्जारना आमचं खाल्ल्याची लाज वाटली," म्हणाला. "तीन आठवडे रूपानं चूल नीट पेटवली नाही."

"पिंप आहे का?"

"हाय. कापायला मन झालं नाही." मग म्हणाला, "आणतो. पण असं नाही अक्का. तुम्ही कागदानं काढायला लावलं, कागदानंच आणायला लावा. आणि सही तुमची."

त्याचं बरोबर होतं, म्हणून राग आला. तिथंच, ऐरणीवर कागद ठेवून लिहिलं. सदर पिंप देवघराच्या खिडकीपासून अडीच फुटांवर, पूर्वीच्याच जागी ठेवण्यास माझी कोणतीही हरकत नाही व पुढेही राहणार नाही. खाली वेदश्री बाळाचार्य, ॲडव्होकेट. त्यानं दोनदा वाचून खिशात घातलं. मिरच्यांचं सांगायचं राहिलं. राहिलं नाही, सांगितलं नाही.

संध्याकाळी अप्पांच्या पायाशी बसले. म्हटलं, "अप्पा, मी तुमच्याकडून फसवून सही घेतली."

"पेन्शनच्या कागदांतली? ती मी वाचली होती," म्हणाले. "मी न वाचता सही करतो का?"

"मग केलीत का?"

"आई गेल्यापासून तू एकदाही जिंकली नव्हतीस," अप्पा म्हणाले. "वाटलं, एकदा जिंकू दे पोरीला."

मी उठून मोरीत गेले आणि नळ पूर्ण सोडला.

रविवार, १६ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही.

सकाळी हातोडी घेतली, भोक शोधलं, आणि खिळा होता तिथं परत ठोकला. एक फटका अंगठ्यावर बसला, भिंतीचा टवका उडाला. रूपानं पलीकडून जाळी दिली. पिवळा पट्टा अर्धा पुसला गेला होता. मी फेकली त्या दिवशी कड वाकली होती, ती संतोषनं ठोकून सरळ केलीय.

चार वाजून दहा मिनिटांनी धूर. वास वांग्याचा.

मी देवघराची खिडकी उघडी ठेवून आतच बसले. मला बोलावलं नाही आणि मी गेले नाही. साडेपाचला अप्पा मागच्या दारानं आले. बोटं काळी, धोतरावर डाग. माझ्यापुढे हात धरून उभे राहिले, शाळेत मुलं धरतात तसे.

"अंगार लावलात का?" मी विचारलं.

"हं," म्हणाले.

तांब्या आणून मी त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. एक एक बोट चोळून धुतलं. वजन ४४.६ आहे, डॉक्टरांनी आठ दिवस दिलेत.

सात वाजता कोंबडीचा वास आला. अत्यंत घाणेरडा, डोकं उठवणारा वास. तो तसाच आहे आणि मला तो आजन्म तसाच लागणार. मी नाकाला पदर लावला, आणि खिडकी उघडीच ठेवली.